काकडीपुरता चाकू

“फिक्स्ड ब्लेड म्हणजे काय रे?” आईनं विचारलं.

“म्हणजे घडीचा नाही. पातं मुठीत पक्कं बसवलेलं, अजिबात हलत नाही.”

“मग विळीच की.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. विळीचं पातं खरोखरच हलत नाही. ते पाटात ठोकलेलं आणि पाटावर आईचा पाय. हलायचं ते भाजीनं. शिवाय टोकाला नारळ खवायची सोय. इतका पक्का फिक्स्ड ब्लेड घरात असताना मी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत मोबाइलवर कसला चाकू शोधतोय, हे तिला कळेना. तिचं मागणं एवढंच होतं, की ट्रेकला जाताना तिची टोमॅटो चिरायची सुरी मी पळवू नये.

भानगड त्या सुरीपासूनच सुरू झाली होती. पंधरा-वीस वर्षं मी डोंगरात जाताना तीच न्यायचो. वर्तमानपत्रात गुंडाळायची, वरून दोन रबरं लावायची आणि सॅकच्या कप्प्यात सरकवायची. एका पावसाळ्यात कागदाचा लगदा झाला आणि सुरीनं आधी सॅकचं कापड, मग रेनकव्हर फाडून बाहेर डोकं काढलं. मागून चालणारा मित्र म्हणाला, “तुझ्या पाठीतून काहीतरी उगवलंय बघ.” त्याच दिवशी ठरलं, म्यान असलेला चाकू घ्यायचा. घडीचा नको, कारण त्याच्या खाचेत चटणी, कांद्याचा रस आणि माती जाऊन बसते, आणि ओल्या हातानं तो मिटताना बोट मध्ये येतं. माझं आलेलं आहे.

एवढं ठरल्यावर चाकू घ्यायला मला तीन महिने लागले.

या दुनियेत शिरलं की आधी पोलादाची नावं अंगावर येतात. १०९५, डी-टू, १२सी२७. एसटीच्या डेपोत उभं राहिल्यासारखं होतं. सगळ्या गाड्यांचे नंबर दिसतात, आपली कुठली ते कळत नाही. हळूहळू उलगडा झाला. १०९५ म्हणजे साधं कार्बन पोलाद, कार्बन सुमारे ०.९५ टक्के. धार झटकन लागते, पण पाण्याचा हात लागला की गंज धरतो. स्टेनलेस म्हणवून घ्यायला निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. डी-टूमध्ये ते बाराच्या आसपास असतं, तरी तो थोडाफार गंजतोच, कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी संसार थाटून बसतं आणि गंजाकडे बघायला फारसं उरत नाही. हे वाचून मला उगाचच काही नातेवाईक आठवले.

पोलादानंतर ‘फुल टँग’. म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेलं, दोन्ही अंगांना लाकडाच्या पट्ट्या आणि त्यांना आरपार रिपिटा. हे नसेल तर चाकूला हातही लावू नका, असं जो तो बजावून सांगत होता. माझ्या मामाची कोयती मला तेव्हाच आठवायला हवी होती. कुडाळकडच्या आजोळी मामा कंबरेला लाकडी आकडी बांधतो आणि तिच्यात कोयती अडकवतो. तिच्या पात्याची शेपटी मुठीत जेमतेम चार बोटं शिरलेली, तोंडाशी एक लोखंडी कडं. त्या कोयतीनं मी लहान असल्यापासून नारळ फुटताहेत, बांबू चिरले जाताहेत आणि फणसाचे दोन भाग होताहेत. मूठ एकदा बदलली, तीही वाळवीनं खाल्ली म्हणून. पुढे मामाला मी व्हिडिओ कॉलवर माझा नवा चाकू दाखवला, तर त्यानं एकच विचारलं, “ह्या आकडीत कसा रवतला?”

पण मला तेव्हा फुल टँगच हवा होता, आणि जाडजूडही. एका व्हिडिओत दाढीवाला माणूस चाकूच्या पाठीवर लाकडाचा दांडका हाणून ओंडके फोडत होता. चाकूला काही होत नव्हतं. मला ते फार आवडलं. आयुष्यात मी ओंडका फोडलेला नाही, पण वेळ आली तर आपला चाकू कमी पडू नये असं वाटलं.

तसा चाकू विकत घ्यायचा तर पाच-सहा हजार. म्हणून मी हायवेच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाडी कुटुंबाकडे गेलो. तिथं विळे, कोयते, कुऱ्हाडी मांडलेल्या. चार इंच पातं आणि पाच मिलिमीटर जाडी असं मी कागदावर काढूनच नेलं होतं.

“कशाला पायजे?” त्यानं कागद उलटा धरून विचारलं.

“डोंगरात न्यायला.”

“डोंगरात काय कापनार?”

मी म्हणालो, “काहीही.” त्यानं बायकोकडे बघितलं. ती पदर खोचून उठली.

ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा एक तुकडा कोळशात गेला. पाट्याचं पोलाद, कार्बन साधारण ०.६ टक्के, हे मी वाचून गेलो होतो. तिथं मात्र पंख्याचा खर्र आवाज आणि पोलादाचा केशरी रंग यापुढे टक्केवारी आठवेना. तो सांडशीनं तुकडा ऐरणीवर धरायचा, हातोडीनं जागा दाखवायचा आणि ती नेमकी तिथंच घण घालायची. एकदाही चुकली नाही. आकार आल्यावर पुन्हा तापवून त्यानं पाणी दिलं, तेही फक्त धारेकडच्या अंगाला. पाठ तशीच लाल ठेवली. मग पातं झटकन विटेवर घासून उजळलं आणि तो नुसता बघत बसला. पाठीतली धग धारेकडे सरकायला लागली, तशी त्या उजळ पट्टीवर रंगाची एक रेघ चालत आली. आधी फिकट पिवळी, मग गव्हाळ. धारेपाशी गव्हाळ रंग पोचला मात्र, त्यानं सबंध पातं पाण्यात बुडवलं. आणखी थांबला असता तर जांभळं, मग निळं, आणि धार मऊ पडली असती. हे सगळं घड्याळ न बघता, बिडी ओढत. त्यानं चारशे सांगितले. मी घासाघीस केली नाही, त्यामुळे त्याला माझा जास्तच संशय आला असावा.

चाकू झकास दिसत होता. पुढच्याच रविवारी राजगडावर नेला.

पद्मावती माचीवर ताक, लिंबूसरबत आणि काकडी घेऊन बसणाऱ्या मावशी असतात. मी एक काकडी घेतली आणि म्हणालो, मावशी, मीच कापतो. म्यानातून चाकू काढला. शेजारच्या कॉलेजच्या पोरांनी बोलणं थांबवलं. मी काकडीवर पातं ठेवून दाबलं. अर्धं आत गेलं आणि कडाक् आवाज होऊन काकडी दुभंगली. एक तुकडा उडून ताकाच्या हंड्यापलीकडे गेला. दुसऱ्या वेळीही तेच. पाच मिलिमीटरची पाठ, ती आत शिरली की पाचरीसारखं फाकवणार, दुसरं काय होणार? ओंडका फोडायला जे लागतं, ते काकडीला लागत नाही.

“द्या इकडं, दादा.”

मावशींनी पोत्याखालून त्यांची सुरी काढली. हॅक्सॉचं पातं होतं. दात घासून गेलेले, एक बाजू दगडावर परजलेली आणि मुठीच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. काकडीचे उभे चार भाग देठाशी जोडलेले ठेवून त्यांनी आत तिखटमीठ भरलं, इतकं चटकन की मला सुरी नीट दिसली ती नंतर. पोलाद या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. फुल टँग होती.

उतरताना गुंजवण्याच्या वाटेवर मी पहिल्यांदा सरळ विचार केला. चाकूचे ते सगळे सल्ले बर्फाच्या मुलखातले. तिथं ओल्या लाकडाच्या पोटातला कोरडा गाभा काढल्याशिवाय शेकोटी पेटत नाही आणि शेकोटीवाचून रात्र निघत नाही. त्यांना जाड पातं हवंच. आमच्या सह्याद्रीत आम्ही काय कापतो? कांदा, काकडी, लिंबू, सुतळी आणि रेडीमेड पुलावाचं पाकीट. चूल पायथ्याच्या घरात, पिठलं-भाकरी तिथल्या वहिनींची. जंगलातलं लाकूड तोडायचा आम्हाला हक्क नाही, आणि खरं सांगायचं तर कुवतही नाही.

मग जो घेतला तो पातळ. गंमत म्हणजे तोही बर्फातलाच, स्वीडनमधल्या मोरा गावचा. तिथल्या कंपनीची सुरुवात १८९१ ची. पण पातं दहा सेंटिमीटर आणि जाडी अडीच मिलिमीटर. स्टेनलेस, कारण आमचे निम्मे ट्रेक पावसात. म्यान प्लॅस्टिकचं, कारण चामडं पाणी धरून ठेवतं आणि आत चाकू कुजवतं. शेपटी मुठीत अर्धवटच गेलेली, मामाच्या कोयतीसारखी. मूठ मुद्दाम भडक नारिंगी घेतली. हिरव्या मुठीचे चाकू फार रुबाबदार दिसतात, पण भाद्रपदातल्या गवतात एकदा खाली ठेवले की दिवाळीनंतरच सापडतात.

घिसाड्याच्या चाकूवर आईनं हक्क सांगितला. गुळाची ढेप फोडायला तिला तो फार सोयीचा पडतो. एकदा तिनं त्यानं कैरी कापली आणि पात्यावर निळसर काळा डाग चढला. मी हळहळलो, तर म्हणाली, “विळीला येत नाही होय? पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं.” कार्बन पोलाद कसं सांभाळावं यावर मी जेवढं काही वाचलं होतं, ते सगळं या दोन वाक्यांत बसत होतं.

नारिंगी चाकूचा पराक्रम एकच सांगण्यासारखा. राजगडावरून तोरण्याकडे निघालो होतो. अळू दरवाजा उतरून सोंडेवर लागलो आणि एका मित्राच्या बुटाचा तळ टाचेपासून सुटला. बूट दोन वर्षं कपाटात पडून होते. तळव्यातला तो मऊ थर हवेतल्या ओलीनं नुसता ठेवल्या जागीही कुजतो. न वापरलेले बूट म्हणूनच जास्त दगा देतात. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती. ती तळाखालून घेऊन वर बांधली की चार पावलांत सरकायची. मग मी तळाच्या कडेला चाकूच्या टोकानं दोन्ही अंगांना चिमटीएवढ्या खाचा पाडल्या, दोरी त्यांत बसवली आणि गाठ घोट्यावर मारली. तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत ती तशीच राहिली. त्या जाड चाकूनं खाच पडली नसती, तळच फाटला असता.

एवढा जमलेला चाकू, पण तो सगळीकडे नेता येत नाही हे मला फार उशिरा कळलं. भीती होती ती शस्त्र कायद्याची. पण नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची त्याची यादी माझ्या चार इंचांपाशी पोचतच नाही, शिवाय घरकामाची नि शेतीची हत्यारं तिच्यातून वगळलेली आहेत. अडचण निघाली भलतीकडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राची व्याख्या आहे. तिच्यात दारूगोळा, धनुष्यबाण, बंदुका, जाळी, विष, फासे, सापळे, आणि या सगळ्यांच्या गर्दीत, सुऱ्याही. लेखी परवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र न्यायचं नाही. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हे सगळं १९८६ पासून अभयारण्यात, वासोटा कोयनेच्या. म्हणजे माझे निम्मे आवडते डोंगर. इतकी वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून मी काय नेत होतो, याचा विचार आता करत नाही.

परवा रतनगडाला निघालो तेव्हा चाकू सॅकच्या पट्ट्याला लावलेलाच होता. दारातून परत आत आलो.

“काय विसरलास?” आई टोमॅटो घेऊन बसली होती.

“हा ठेवून जातो. तिथं चालत नाही.”

“बरं झालं. माझ्या सुरीची धार गेलीय, तूच घालवलीस.” मी म्यानातून काढून चाकू तिच्यापुढे धरला. तिनं हात मागे घेतला.

“हातात नको देऊस. भांडणं होतात. खाली ठेव.”

मी फरशीवर ठेवला. तिनं उचलला, अंगठ्यानं धार बघितली आणि एक टोमॅटो पुढे ओढला.