कॉन्स्टँटिनोपलनंतरही आठ वर्षं

आजचा दिवस ट्रॅबझोनमध्ये गेला. तुर्कस्तानातलं काळ्या समुद्राकाठचं हे शहर प्राचीन ग्रीकांनी वसवलेलं, आणि पुढे ट्रेबिझोंड या त्याच्याच नावानं इथे अख्खं साम्राज्य नांदलं. क्रूसेडर्सनी, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, बायझंटाईन राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) लुटलं त्याच वर्षी, १२०४ साली, ॲलेक्सिओस आणि डेव्हिड या बायझंटाईन राजघराण्यातल्या कोम्नेनोस भावांनी जॉर्जियाच्या राणी तामारच्या मदतीनं हे शहर घेतलं. इराणमधल्या तब्रीझकडून येणारे काफिले, इटलीतल्या जिनोआ-व्हेनिसचे व्यापारी, या व्यापारावर त्यांचं साम्राज्य तगलं.

शाळेत आपण १४५३ साल घोकलं, ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं ते. पण ट्रेबिझोंड १४६१ पर्यंत उभं होतं, हे कुणी सांगितलंच नाही! सांगायला हवं होतं.

इथल्या हागिया सोफिया या तेराव्या शतकात चर्च म्हणून बांधलेल्या वास्तूच्या दक्षिण दारावर आदम आणि ईव्हची कथा दगडात कोरलीय, कमानीवर कोम्नेनोसांचा एका डोक्याचा गरुड. बाहेरच्या भिंतीवर मात्र कुणीकुणी जहाजं खरवडून ठेवलीत. कोरीव गरुडापेक्षा मला तीच जास्त भावली, कितीतरी वेळ मी तिथून हललेच नाही. राजाची नाही, बंदरातल्या माणसांची खूण ती.

इस्तंबूलला येणार असाल तर दोन दिवस वाढवा आणि इकडे याच.