दिवा हिरवा, टाकी कोरडी

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे हे खाली स्वयंपाकघरात कळावं, ही काही फार मोठी मागणी नाही. तरी नागपुरात ऐन मे महिन्यात फ्रिजशेजारच्या पातळी दाखवणाऱ्या डबीवर टाकी भरल्याचा हिरवा दिवा ऐटीत लागलेला असतो आणि कूलरच्या नळीतून नुसती हवा येत असते. मग कोणीतरी चटके खात जिना चढतं, झाकण उघडतं आणि त्या डबीचा उद्धार करतं.

डबीचा दोष आहेच, पण तिच्याकडून अपेक्षा जरा चुकीची असते. ही स्वस्त यंत्रं पाणी मोजतच नाहीत. सळी ओली झाली का, फुगा वर आला का, आवाज किती वेळात परतला, एवढंच ती बघतात आणि त्यावरून पाण्याची पातळी सांगून मोकळी होतात. त्यामुळे प्रत्येक प्रकार चुकतो, पण बहुधा आपापल्या ठरलेल्या दिशेला चुकतो. कोण कुठल्या बाजूला खोटं बोलतं हे ठाऊक असलं की त्याच्यासोबत संसार करता येतो.

सगळ्यात जास्त घरांत सळ्यांचा प्रकार असतो. स्टीलच्या चार-पाच सळ्या टाकीत वेगवेगळ्या उंचीवर लोंबतात. सर्वांत लांब सळी तळाशी आणि ती सामाईक. पाणी तिला वरच्या ज्या सळीशी जोडेल, तिचा दिवा लागतो. कल्पना छान आहे. घोळ घालतं ते पाणी. बोअरचं पाणी जड असतं. त्याचा पांढरा थर सळ्यांवर, त्यांना धरून ठेवणाऱ्या पट्टीवर आणि वायरच्या वेष्टणावर चढतो. पाणी खाली गेलं तरी तो थर ओलसर राहतो आणि त्या ओलीतूनच वीज वाहते. टाकी पाव, दिवा पाऊण. म्हणजे मळलेली सळी भरल्याच्या बाजूने खोटं बोलते.

झिजलेली सळी मात्र उलटं बोलते. साध्या डबीतून एकाच दिशेने वीज वाहते, त्यामुळे धन बाजूची सळी हळूहळू विरघळते आणि ऋण बाजूवर क्षार जमतात. चोवीस तास दिवे पेटते ठेवणारी डबी हे काम चोवीस तास करते. म्हणून बटण दाबल्यावरच दिवा लागणारी डबी घ्यावी. दिसायला गरीब असते, पण सळ्या जास्त टिकतात. सळ्या ३१६ प्रतीच्या स्टीलच्या मिळाल्या तर उत्तम.

तपासणी दोन मिनिटांची. सळ्यांचा जुडगा बाहेर काढून कोरडा पुसायचा. सगळे दिवे विझले पाहिजेत. एखादा तरीही लागलेला असेल, तर खोट सळीत नसून वायरच्या सांध्यात ओल शिरली आहे. मग तोच जुडगा पाण्याच्या खोल बादलीत पूर्ण बुडवायचा; सगळे दिवे लागले पाहिजेत. एकही लागला नाही तर पहिला संशय सामाईक सळीच्या सांध्यावर घ्यायचा. तिथली तांब्याची तार बहुतेक वेळा हिरवी पडलेली असते. हिरवा भाग कापून नवा सांधा करावा आणि तो तोंड खाली असलेल्या छोट्या डबीत ठेवावा. काळी टेप नुसती गुंडाळून भागत नाही, इथल्या उन्हात तिचा डिंक पाघळतो. क्षार काढायला लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून सळ्या अर्धा तास भिजवायच्या, मग हिरव्या घासणीने पुसायच्या.

फुग्याच्या स्विचबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो भिंतीला टेकतो, अडकतो आणि अडकला तिथलंच सांगत राहतो. भिंतीपासून वीतभर लांब आणि नळाच्या धारेपासून दूर टांगा.

हल्ली झाकणाला लावायचे ध्वनिलहरींचे सेन्सर आले आहेत, मोबाइलवर टक्के दाखवणारे. आकडा टक्क्यांत आला की माणसाचा विश्वास उगाच वाढतो. यांतले बरेच सेन्सर वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं काही मोजू शकत नाहीत, म्हणून ते काठोकाठच्या पातळीपेक्षा तेवढे उंच बसवावे लागतात. दुसरी भानगड खास आपल्या हवेची. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४५ अंशांना सुमारे ३५८ होतो. तापमान न मोजणारा सेन्सर जुनाच वेग धरून बसतो. प्रतिध्वनी लवकर परतला की त्याला वाटतं पाणी जवळ आहे, आणि मीटरभर अंतरात चारेक सेंटिमीटरची चूक होते. एक मीटर व्यासाच्या टाकीत एका सेंटिमीटरला जवळपास ८ लिटर पाणी येतं, म्हणजे नसलेलं तीसेक लिटर पाणी हा दाखवतो. तेही नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या दिवसांत, कूलर रात्रंदिवस पाणी पीत असताना! डिसेंबरच्या पहाटे झाकणाखाली दव धरतं, मग तो काहीही सांगतो. तापमान मोजणारा सेन्सर घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं तोंड पुसा. कोळ्याचं जाळंही त्याला पाण्यासारखंच दिसतं.

या सगळ्याचा कळस बघायचा तर मोटरहोम, म्हणजे राहायच्या गाडीत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पेंच-ताडोबाकडे अशी गाडी न्यायची तर तिच्या तीन टाक्यांची ओळख हवी: एक चांगल्या पाण्याची, एक धुण्या-आंघोळीच्या सांडपाण्याची, एक संडासाची. बऱ्याच गाड्यांत टाकीच्या भिंतीला भोकं पाडून स्क्रूसारखे संवेदक बसवलेले असतात. साबणाची चिकटी किंवा कागदाचा लगदा दोन स्क्रूंमध्ये अडकला की रिकामी टाकीही दोन तृतीयांश भरलेली दिसते. गंमत अशी की घरच्या टाकीत ‘भरली आहे’ हे खोटं महागात पडतं, तर मैल्याच्या टाकीत ‘रिकामी आहे’ हे. म्हणजे मळलेला संवेदक इथे सावधगिरीच्या बाजूने चुकतो. पण रोजच भरल्याचा दिवा बघून माणूस त्याच्याकडे बघणं सोडतो आणि खरंच भरते तेव्हा फजिती होते. उपाय पाणीच: संडासात हात आखडून पाणी वापरू नये, टाकी योग्य ठिकाणी रिकामी केल्यावर आतून धारेने धुवावी आणि पुन्हा बादलीभर पाणी ओतून ठेवावं. भिंतीला बाहेरून चिकटवायच्या सेन्सरपट्ट्या मैल्याला शिवत नाहीत, म्हणून बऱ्या. मात्र टाकी प्लास्टिकची हवी आणि पट्टीजवळ लोखंडी चौकट नको.

घरी परत येऊ. कुठलंही यंत्र असो, जोडीला घड्याळ ठेवावं. टाकीत पाणी पडतं त्या तोंडाशी २० लिटरची बादली धरून वेळ मोजायचा. ४० सेकंद लागले तर मिनिटाला ३० लिटर, म्हणजे हजार लिटरला साधारण तेहेतीस मिनिटं. हा आकडा खडूने मोटरच्या बटणाशेजारी लिहून ठेवला की डबीचं म्हणणं पडताळता येतं. बोअरची पातळी उन्हाळ्यात उतरते, तेव्हा मे महिन्यात बादली पुन्हा लावायची.

आणि ओव्हरफ्लोचा पाइप तुंबलेला नाही ना, एवढं बघा. त्याला एकच गोष्ट कळते, पण ती कळली की मोहल्लाभर कळते: “काकू, मोटर बंद करा, टाकी वाहून रायली!”