संमेलन संपतं, कागद कुठे जातात?

कडोली, उचगाव, येळ्ळूर. आमच्या बेळगाव भागात गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, टाळ-मृदंग वाजतात. मांडव उतरला की स्मरणिका, भाषणं, फोटो कुणाच्या तरी माळ्यावर जातात. मी खानापूर तालुक्यात मराठी शिकवते. असे गठ्ठे खूप पाहिलेत. 1956 ला राज्यांची फेररचना होऊन हा मराठी भाग आजच्या कर्नाटकाकडे गेला, त्यानंतरची निवेदनं, पत्रकं, हाताने लिहिलेल्या कविता. वाळवी कडेकडेने खात येते, त्यामुळे कोपऱ्यातली तारीख सगळ्यात आधी जाते.

म्हणून अमेरिकेतली एक हकीकत मला फार जवळची वाटते. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात 6 नोव्हेंबर 1968 ला विद्यार्थ्यांनी संप पुकारला. कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाची, आशियाई, मूळनिवासी पोरं एकत्र आली. आमच्या लोकांना प्रवेश द्या, आमचा इतिहास शिकवा आणि तो कोणी, कसा शिकवायचा हे ठरवताना आम्हाला विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं. कॉलेजचे नवे हंगामी अध्यक्ष हायाकावा तर विद्यार्थ्यांच्या गाडीवर चढले आणि ध्वनिक्षेपकाच्या वायरी उपटल्या. पोरं हटली नाहीत. मार्च 1969 मध्ये संप मिटला आणि या अभ्यासासाठी स्वतंत्र विद्याशाखा मिळाली.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात या चार समाजांची चार संशोधन केंद्रं सुरू झाली. मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या केंद्राने स्वतःचं ग्रंथालय आणि दप्तरखाना उभारला, 1970 पासून संशोधनाचं नियतकालिक चालवलं. ज्यांच्यावर अभ्यास व्हायचा, तेच अभ्यास करू लागले. मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

आपल्याकडे सीमाभाग म्हटलं की बोलणं कोर्टावर येतं. हा भाग आपल्याला मिळावा, हा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तिथे चालू दे. पण भात लावताना म्हाताऱ्या बाया ज्या ओव्या म्हणतात, ज्यात मध्येच एखादी ओळ कन्नडमध्ये जाते, त्या निकालासाठी थांबणार नाहीत. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या, मागावर कापड विणणाऱ्यांच्या, निपाणीच्या विडी कामगार बायांच्या आठवणीही तशाच. बेळगावात 2010 पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. सीमाभागातल्या मराठीसाठी तिथे भक्कम संशोधन केंद्र हवं, आणि त्यात कन्नड शिकलेली आपली पोरं हवीतच, नाहीतर अर्ध्या ओव्या कळायच्या नाहीत.

तोवर एवढं करा: घरातली जुनी स्मरणिका रद्दीत घालू नका. मोबाईलवर पानापानाचे फोटो काढा, गाव आणि साल लिहून ठेवा. आजी ओवी म्हणत असेल तर रेकॉर्ड करा, आणि ती तिने कुणाकडून ऐकली तेही विचारा.