हशा होता, घर नव्हते

गेल्या शनिवारी आईला घेऊन ठाण्यात एका नव्या कौटुंबिक विनोदी नाटकाच्या प्रयोगाला गेले होते. दादा गेल्यानंतर ती प्रथमच नाटकाला येत होती, त्यामुळे तिसऱ्या रांगेतल्या खुर्च्या मिळाल्याचा मला विशेष आनंद झाला होता.

कथाबीज उत्तम होते. इमारतीचा पुनर्विकास ठरला आहे, घर रिकामे करण्याची तारीख जवळ आली आहे, आणि नवी जागा तयार होईपर्यंत वृद्ध वडिलांनी कोणाकडे राहायचे हे दोन मुलगे आणि एक मुलगी यांना ठरवायचे आहे. मुंबई-ठाण्यातल्या किती घरांत हे बोलणे आज दबक्या आवाजात चालू असेल! त्यात दुःख आहे आणि तितकाच विनोदही आहे, कारण वडील प्रत्येकाला हवे असतात, फक्त आपली खोली कोणाला सोडायची नसते.

परंतु पहिल्या वीस मिनिटांतच लेखकाने हा प्रश्न बाजूला ठेवला आणि बायकोला घाबरणारा नवरा, मोबाइलमध्ये गुंतलेली सून, जाड शेजारीण यांच्यावर हशे वसूल करण्यात उरलेला अंक खर्ची घातला. नट वाक्य टाकत, प्रेक्षकांकडे पाहून थांबत, आणि हशा ओसरला की पुढचे वाक्य येई. घरातली माणसे एकमेकांशी बोलतच नव्हती. आचार्य अत्रे यांच्या १९३३ सालच्या ‘साष्टांग नमस्कार’ या नाटकातही अतिशयोक्ती भरपूर आहे, पण तिथे रावबहादुरांचे सूर्यनमस्कारांचे वेड साऱ्या घराला वेठीस धरते, म्हणून हसू त्या घरातूनच उगवते.

दुसऱ्या अंकात मात्र एक प्रसंग आला. वडील माळ्यावरची पितळी भांडी उतरवतात आणि त्यांवर कोरलेली नावे एकेक करून वाचतात. एका पातेल्यावर दिवंगत पत्नीचे माहेरचे नाव निघते. त्या ज्येष्ठ नटाने ते नाव इतक्या साधेपणाने उच्चारले की सारे नाट्यगृह शांत झाले आणि आईने माझा हात घट्ट धरला. पुढच्याच क्षणी ढोलाच्या ठोक्यावर शेजारीण घसरून पडली. मला त्या क्षणी आलेला राग अजून गेलेला नाही.

शेवटी पुनर्विकासच रद्द झाल्याची बातमी येते, सगळे नाचतात आणि पडदा पडतो. रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “त्या पातेल्याचं पुढे काय झालं गं?”