केळी राहिली, लॅपटॉप आला

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयडे गावची केळी आणायला गेलो आणि येताना जुना लॅपटॉप घेऊन आलो. घरी चालू केला तर काळ्या पडद्यावर कुलपाचं चित्र आणि हार्ड डिस्कचा पासवर्ड मागणारी चौकट. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढून पाहिली, डिस्क भावाच्या कॉम्प्युटरला जोडली. ढिम्म! हा पासवर्ड लॅपटॉपमध्ये नसतोच, डिस्कच्याच पोटात असतो. फॉरमॅटसुद्धा करू देत नाही. ५ वेळा चुकलं की बंद करून परत चालू करा, मग पुढचे ५. (मी '१२३४'पासून सुरुवात केली होती, हसू नका.) शेवटी विकणाऱ्याला फोन लावला. आधीच्या मालकाला विचारून सांगतो म्हणाला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई, "आनी केळीं खंय रे?"