लंडनचा वीकेंड, ५ पाऊंडाचं नाटक आणि लोकलची सवय

मावसभाऊ सप्टेंबरात लीड्सला चाललाय शिकायला. परवा आमच्याकडे ठाण्यात पाचपाखाडीला जेवायला आला होता तेव्हा म्हणाला, ताई तू ते लंडनला नाटक बघायला गेलेलीस ना, किती पैशात जमवलंस नीट सांग. सांगता सांगता साडेबारा वाजले, आई दोनदा येऊन दिवा बंद करा म्हणून गेली. म्हणून आता लिहूनच टाकते.

गोष्ट जून २०२२ची. मी लेस्टरला एमएससी करत होते, डिसर्टेशन चालू, आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही स्टुडंट व्हिसावर, त्यामुळे खिशात जे काय असेल ते त्या २० तासांचंच. शाळेपासूनची मैत्रीण लंडनमधे ईस्ट हॅमला राहायची, आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातलीच, ती सहा महिने मागे लागली होती की ये ये. मी म्हटलं येते पण नाटक बघायचंच. आमच्या घरात दर महिन्याला नाटकाला गडकरी रंगायतनला जायची पद्धत, तिकडे जाऊन थिएटर न बघता परत आले असते तर बाबांनी घरात घेतलं नसतं.

सगळ्यात आधी शिकले ते हे, की क्रम उलटा ठेवायचा. लोक आधी बस बुक करतात आणि मग नाटक शोधतात, तोवर स्वस्त तिकिटं गेलेली असतात. मी आधी नाटकाचं तिकीट काढलं, मग त्या तारखेची बस, आणि मग मैत्रिणीला कळवलं की मी येतेय (ती थोडी चिडली). लेस्टरहून लंडनला ट्रेन सव्वा तासात नेते पण महाग, १६-२५ वयाच्यांसाठीचं रेलकार्ड काढलं तर एक तृतीयांश सूट मिळते, तेव्हा ते वर्षाला ३० पाऊंडाला होतं, वर्षातून तीन-चार फेऱ्या करणार असाल तर आल्या आल्या काढा, मी आळस केला आणि मग शेवटच्या तीन महिन्यांसाठी कशाला म्हणून राहिलंच. बसने तीनेक तास लागतात, अंतर म्हणाल तर साधारण आपलं ठाणे-नाशिक.

नाटक होतं शेक्सपिअरचं 'मच अॅडो अबाउट नथिंग', ग्लोब थिएटरमधे. थेम्सच्या काठावर शेक्सपिअरच्या काळातल्या जुन्या थिएटरसारखंच परत बांधलंय, १९९७ला सुरू झालं. जुनं १६१३ला नाटक चालू असतानाच जळलं होतं. छप्पर गवताचं आहे पण फक्त कडेच्या गॅलऱ्यांवर, मधलं अंगण उघडं. त्या अंगणात सातशेक लोक उभे राहून बघतात, तिकीट तेव्हा ५ पाऊंडापासून होतं. बसायला मिळत नाही, म्हणजे खाली जमिनीवर पण नाही, आणि पाऊस आला तर छत्री उघडायची नाही कारण मागच्याला दिसत नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, उभं करून ठेवतात आणि वर पैसे घेतात?

शनिवारी दुपारचा प्रयोग. मेट्रोच्या डिस्ट्रिक्ट लाइनने ब्लॅकफ्रायर्सला उतरलो, चालत पूल ओलांडला, पाऊण तास आधी पोचलो म्हणून एकदम स्टेजला टेकून जागा मिळाली. स्टेज माझ्या खांद्याएवढं उंच, कोपरं टेकवून उभी राहिले. यांनी नाटक १९४५च्या इटलीत नेलं होतं, बायका अकॉर्डियन वाजवत होत्या, पात्रं मधेच आपल्या गर्दीतून वाट काढत जायची. इंग्लिश पहिली वीस मिनिटं निम्मं डोक्यावरून गेलं, खोटं कशाला बोलू. मग कान सरावले. नायक बेनेडिकला ऐकू जावं म्हणून त्याचे मित्र मुद्दाम मोठ्याने बोलतात तो सीन आला तेव्हा शेजारची म्हातारी आणि मी एकदमच हसलो.

आणि इंटरव्हलनंतर पाऊस. मी एक पाऊंडाच्या दुकानातून प्लास्टिकचा निळा पोंचो आणला होता तो घातला, मैत्रिणीने आणला नव्हता, म्हणून दोघी एकाच पोंचोत. नट भिजत भिजतच बोलत होते, कोणी थांबलं नाही. मागे दोन-तीन मुलं कंबर धरून निघून गेली. आम्हाला काही वाटलं नाही, सकाळच्या फास्ट लोकलला ठाण्याला चढून तिघांच्या बाकावरची चौथी सीटही न मिळता दादरपर्यंत बॅग पुढे धरून उभं राहायची सवय आहे, इथे तर ढकलायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी अजून एखादं बघू म्हणून लंडनमधल्याच लेस्टर स्क्वेअर नावाच्या चौकात गेलो, तिथे त्याच दिवशीची सवलतीची तिकिटं मिळतात (आईला अजूनही वाटतं मी लेस्टर स्क्वेअरमधे राहत होते). आमच्या बजेटमधे काहीच नव्हतं. मग नुकतीच चालू झालेली रेल्वेची एलिझाबेथ लाइन बघायला टॉटनहॅम कोर्ट रोडवरून बसलो, कारण तेव्हा ती रविवारी बंद असायची. आणि इथे मी गाढवपणा केला. आत जाताना तिकिटाऐवजी बँकेचं कार्ड टॅप केलं आणि बाहेर पडताना फोन, फोनमधलं कार्ड तेच असलं तरी मशीनला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात, मग दोन्ही प्रवास अर्धवट धरून दोन्हीवर जास्तीत जास्त भाडं लागतं. एकच कार्ड किंवा एकच फोन, दिवसभर. बसमधे मात्र फक्त चढताना टॅप करायचं, तेव्हा १.६५ पाऊंड होते आणि तासाभरात कितीही बस बदला, परत पैसे नाहीत.

घरी येऊन थालीपीठं लावली, तिच्या आईची भाजणी होती. रात्री दोनपर्यंत गप्पा, बऱ्याचशा जुन्या शिक्षकांवर, सविस्तर सांगत नाही.

रविवारी जातानाचा घोळ. व्हिक्टोरिया कोच स्टेशनला शुक्रवारी जिथे उतरले होते तिथेच जाऊन निवांत बसले. वीस मिनिटं. मग लक्षात आलं की इथून कोणीच चढत नाहीये, सगळे उतरतायत. येणाऱ्या बसची बिल्डिंग वेगळी आणि जाणाऱ्या बसची रस्त्याच्या पलीकडे, बोर्ड ढळढळीत लावलेला, मी वाचलाच नव्हता. धावत गेले तर बस समोरून वळत होती. पुढच्या बसचं तिकीट १४ पाऊंड, म्हणजे नाटकाच्या जवळपास तिप्पट. त्या दोन तासात डब्यातलं उरलेलं थालीपीठ खाल्लं आणि बूट काढून मोजे हातातच वाळवत बसले.

पोंचो मी परत आणला ठाण्याला. बाबा आता पावसाळ्यात स्कूटरवर घालतात तो, टोपी जरा फाटलीय, मावसभावाला सांगितलंय की तिकडून येताना नवीन घेऊन ये.