सोलापूरहून एव्हियाँला: महिला गोल्फची मेजर स्पर्धा बघायला जायचं असेल तर

महिला गोल्फच्या पाच मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धांपैकी तीन अमेरिकेत, एक ब्रिटनमध्ये आणि एक फ्रान्समध्ये होते. फ्रान्सची म्हणजे एव्हियाँ चॅम्पियनशिप, जिनिव्हा सरोवराच्या काठी. जुलै २०२५ मध्ये मी आणि माझ्या नणंदबाई ती बघून आलो. आम्ही दोघी गोल्फ खेळत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली, तेव्हापासून आमच्या घरात हा खेळ आवडीने बघितला जातो. सोलापुरातल्या बऱ्याच जणी विचारतायत, म्हणून सगळं लिहून काढते.

आधी व्हिसा. एव्हियाँ फ्रान्समध्ये, पण सरोवराच्या पलीकडचं लोझान स्वित्झर्लंडमध्ये. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात, त्यामुळे व्हिसा एकच लागतो. मात्र जास्त रात्री जिथे राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा पटापट भरतात, तेव्हा शाळांच्या परीक्षा सुरू असतानाच कागद जमवायला घ्या. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची, सकाळी मुंबईत पोचून त्याच दिवशी काम उरकता येतं. विमानाच्या दिवशी मात्र एक रात्र आधी मुंबई गाठा. जुलैतल्या पावसात रेल्वेवर एवढा भरवसा टाकू नये.

खायचं सामान: शेंगा चटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपाबाहेरून नेता येत नाहीत, तेव्हा पेढे आणि तूप घरीच ठेवा. कडक भाकरी प्रवासात टिकते आणि मैदानावर चालताना हातात धरून खाता येते. आम्हाला तिचा फार आधार झाला.

स्पर्धेच्या आठवड्यात एव्हियाँत खोल्या महागतात. आम्ही लोझानला राहिलो. जिनिव्हा विमानतळाच्या आतच रेल्वे स्टेशन आहे, तिथून लोझान पाऊण तासावर. लोझान स्टेशनवरून मेट्रोने खाली सरोवराकाठच्या उशी (Ouchy) नावाच्या धक्क्यावर यायचं आणि बोटीत बसायचं. सुमारे ३५ मिनिटांत समोरच्या काठावरचं एव्हियाँ येतं. पासपोर्ट रोज जवळ बाळगा, आपण देशाची सीमा ओलांडत असतो. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच बघून ठेवा. एव्हियाँ गावातली जुनी फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे, फुकट आहे. तिथल्या काशा (Cachat) नावाच्या झऱ्याच्या सार्वजनिक नळावर बाटल्याही फुकट भरून मिळतात. जगभर बाटलीत विकलं जाणारं ते एव्हियाँ पाणी हेच.

आता मैदान. ते डोंगरउतारावर आहे, खाली सरोवर पसरलेलं. हे लक्षात घेऊनच पायांची तयारी करा. कंबर तलावाभोवती सपाटीवर चालून भागणार नाही, महिनाभर रोज जिने चढा. बूट चांगल्या पकडीचे, जुने आणि पायात बसलेले हवेत. टोपी आणि पातळ रेनकोट दोन्ही लागतात, कारण आल्प्सचं हवामान दुपारी कधीही बदलतं.

तिकीट एकाच दिवसाचं परवडत असेल तर गुरुवार किंवा शुक्रवार घ्या. बहुतेक जण रविवारच धरतात. मला ते पटत नाही. पहिल्या दोन दिवशी सगळ्या खेळाडू मैदानात असतात. दोन फेऱ्यांनंतर कट लागतो, म्हणजे मागे पडलेल्यांना वगळतात, आणि साधारण निम्म्या जणी घरी जातात. गटांच्या वेळा आदल्या दिवशी जाहीर होतात. त्यातून एक खेळाडू निवडा आणि अठराही होल, म्हणजे मैदानाचे सगळे टप्पे, तिच्याबरोबर चाला. अदिती किंवा भारताचीच दीक्षा डागर खेळत असेल तर प्रश्नच नाही. प्रसिद्ध नावांमागे गर्दी असते, पण इतर गटांबरोबर चालणारी माणसं मोजकीच. दोरीपाशी उभं राहिलं की खेळाडू आणि तिची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचं, म्हणजे कॅडीचं, बोलणं कानावर येतं: वारा कुठून आहे, कोणती क्लब (काठी) घ्यायची, चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, कुठे टाकायचा. एक मुलगी बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, दोनदा चुकली, पुढच्या टीपर्यंत (पुढचा होल सुरू होतो त्या जागेपर्यंत) एक शब्द बोलली नाही आणि तिथे सरळ लांब फटका मारला. नणंदबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. टीव्हीवर तिचं नावही आलं नसतं.

पाळायच्या गोष्टी दोनच. फोन आवाज बंद करून ठेवायचा, आणि खेळाडू चेंडूपाशी उभी राहिली की जागचं हलायचं नाही. स्वयंसेवक हात वर करतात, तेव्हा श्वासही हळू घ्यावासा वाटतो.

रविवारी गेलात तर मात्र फिरत बसू नका, दुपारीच अठराव्या होलपाशी जागा धरा. हा पार ५ चा होल, म्हणजे पाच फटक्यांत पुरा करायचा, ग्रीनलगत पाणी. धाडस केलं तर ईगल, म्हणजे दोन फटके कमी, चुकलं तर चेंडू तळ्यात. आम्ही गेलो त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेस किमने इथे ईगल मारून थायलंडच्या जिनो थिटिकुलला गाठलं, दोघी १४ अंडर, म्हणजे एकूण पारपेक्षा १४ फटके कमी. बरोबरी फोडायचा जादा खेळ, म्हणजे प्लेऑफही, याच होलवर झाला. पहिल्या खेपेला किमचा चेंडू पाण्यात गेला. दंडाचा फटका घेऊन तिने ग्रीनबाहेरून चेंडू थेट होलमध्ये घातला, बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी! बरोबरी कायम राहिली. आमच्या शेजारच्या आजीबाई खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या. दुसऱ्या खेपेला तिने पुन्हा ईगल मारला आणि पहिलं मेजर जिंकलं. थिटिकुल जिंकायच्या इतकी जवळ होती की तिच्यासाठीही जीव तुटला.

बक्षीस समारंभ चुकवू नका. विजेतीच्या देशाचा ध्वज घेऊन पॅराशूटमधून माणूस उतरतो, ही इथली प्रथा आहे. हे सगळं संपायला संध्याकाळ होते आणि प्लेऑफ लागला तर आणखी उशीर, म्हणून परतीचं विमान सोमवारचंच घ्या.